पोचवायला आलेल्यांची जागा

विमानतळाचा नकाशा काढायचा आणि त्यासाठी पुसदच्या एसटीत जाऊन बसायचं, हे मी सांगितलं तेव्हा ऑफिसातले सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. फुलसावंगीच्या माणसाला विमान ठाऊक असतं ते डोक्यावरून जाणारं, आणि तेही कापूस वेचताना मान वर करायला सवड मिळाली तर. पण आमच्या साहेबांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते निघत नाही. आता मी परत येऊन महिना होत आला. नकाशे अजून टेबलावर आहेत, साहेब आणि मी अजून भांडतो आहोत. तिकडे मी काय पाहिलं ते निदान लिहून तरी काढावं म्हणून बसले आहे.

साहेब वास्तुशिल्पी, नुकतेच युरोप पाहून आलेले. येताना फोटोंचे गठ्ठे आणि एक वाक्य घेऊन आले. "विमानतळ गावाबाहेर असतो ही जुनी समजूत आहे. विमानाचं दार गावात आणून ठेवायचं!" कल्पना अशी, की नागपुरात सीताबर्डीवर एक देखणं ऑफिस बांधायचं. प्रवाशानं तिथंच सामान द्यायचं, तिकीट दाखवायचं, आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या बसमध्ये पाऊल ठेवायचं. बस थेट सोनेगावच्या विमानतळाला, नव्या इमारतीच्या दाराला जाऊन टेकणार. तिथून पुढे झाकलेल्या वाटेनं माणूस विमानाच्या शिडीपर्यंत. ना ऊन, ना पाऊस, ना धूळ. घरी केलेली इस्त्री दिल्लीला उतरेपर्यंत मोडता कामा नये. हे नकाशे वर मंजुरीला जायचे होते आणि ते काढायचे होते मी.

"यवतमाळकडची माणसं नागपूरला येऊनच विमान धरणार ना?" साहेब म्हणाले. "तू तिकडची. जा, फिरून ये. कोण येतील, कशानं येतील, आणि पोचवायला सोबत किती येतील, एवढं बघ. पोचवणाऱ्यांना जागा किती द्यायची तेच मला कळत नाहीये. माझ्या मते दोन बाकं पुरेत."

मी ताबडतोब हो म्हटलं. यवतमाळला माझे बाबा राहतात, हे एक कारण. दुसरं कारण असं, की पोचवणाऱ्यांची जागा हा आमच्या घरचाच प्रश्न आहे. तो इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझी थोरली बहीण प्रभाताई. तिचे यजमान डॉक्टर, ते आधी विलायतेला गेले आणि मागून ताई गेली. तिला पोचवायला बाबा आणि मी मुंबईपर्यंत गेलो. आमची समजूत अशी की आपण विमानापाशी जाणार, शिडीखाली उभे राहणार, हात हलवणार. पण विमान कंपनीचं ऑफिस होतं शहरात, फोर्टमध्ये. तिथंच सामान घेतलं आणि दरवान आम्हांला छपराच्या खांबापाशी थांबवून म्हणाला, पुढे फक्त प्रवासी. कंपनीची निळी बस दाराला अगदी खेटून उभी होती. ताईनं वाकून नमस्कार केला, माझ्या गालाला हात लावला, आणि आत गेली. बस सुटली, कोपऱ्यावर वळली, संपलं. सारा कारभार इतका सुबक की रडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

परतीच्या गाडीत बाबा कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग एकदम म्हणाले, "कुसुम, तिनं मागं वळून पाह्यलं काय?"

मी म्हटलं, मला दिसलं नाही.

"मलेबी नाही दिसलं," ते म्हणाले.

त्याला तीन वर्षं झाली. ताई अजून आलेली नाही. तिची पत्रं येतात, त्यात थंडीचं आणि मुलाच्या दातांचं वर्णन असतं. बाबा आनंदानं वाचून दाखवतात. पण मी घरी गेले की एकदा तरी, ताटावर किंवा झोपण्याआधी, तोच प्रश्न येतो. असं पत्रात विचारायची सोय नसते. विचारलंच, तर ती 'हो' लिहील, आणि त्या 'हो'वर बाबांचा विश्वास बसणार नाही. आई लवकर गेल्यावर तिनंच माझ्या वेण्या घातल्या आणि बाबांचे डबे भरले. ती मागं न पाहता जाईल हे बाबांना खरं वाटत नाही आणि खोटंही वाटत नाही. मला तर ताईची आठवण इतकी येते की तिच्याबद्दल कोणी दुसऱ्यानं बोललेलंही मला सहन होत नाही.

यवतमाळ

नागपूरहून वर्धा, कळंब करत बस यवतमाळच्या चढाला लागली तेव्हा रस्ता कापसाच्या बैलबंड्यांनी भरला होता. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे बाभळींनाही कापूस लागतो. बंड्यांतून निसटलेला पांढरा पुंजका काट्यांत अडकून बसतो, आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं हे काही वेगळंच झाड आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि बंडीवाले निवांत झोपले होते. बैलांना जिनिंगची वाट पाठ असते.

बाबा त्याच जिनिंगमध्ये जन्मभर फिटर होते. आता घरी असतात, स्वतः रांधतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं रांधतात. मी येणार म्हणून गोळाभात केला होता. बेसनाचे गोळे भातात शिजवायचे आणि वरून लसणाची फोडणी गरम तेलासकट ओतायची. नागपुरातही करतात लोक, पण गोळा फुटला नाही म्हणून शाबासकी मागणारा आचारी तिथं नसतो.

जेवणं झाल्यावर मी पत्र्याच्या नळीतून नकाशा काढून पसरला. बाबांना नकाशा वाचता येतो. यंत्रांची चित्रं पाहून त्यांनी आयुष्य काढलं. चष्मा लावून त्यांनी बोट फिरवलं.

"हे दार. ही बस. अन् हे काय दोन बाकं?"

"पोचवायला येणाऱ्यांची जागा."

"दोन?" बाबा हसले. "अवो बाप्पा! तुहा मामा नोकरीसाठी खांडव्याले गेलता तं आमी दोन रेंग्या जुपून, भरून स्टेशनवर गेलतो. अन् तो आठव्या दिवशी वापस आला, पोट बिघडलं म्हून. तुह्या साहेबाले सांग, बाकं नको ठेवू. पोचवाले आलेला माणूस बसते काय कुठी?"

हे मात्र खरंच मला सुचलं नव्हतं. आपण कोणाला पोचवायला गेलो आणि बाकावर बसून राहिलो, असं मला एकदाही आठवेना.

नकाशा गुंडाळताना बाबा हळूच म्हणाले, "तिथं मुंबईलेबी असंच होतं ना? बस दाराले लागून?"

"हो बाबा."

"पाह्यलं असन काय वो तिनं?"

मी कंदिलाची वात नीट करायला उठले. दुसरं काय करणार?

दारव्हा

यवतमाळहून दारव्ह्याला बसनं लवकर पोचता येतं, पण मी मुद्दाम छोट्या गाडीनं गेले. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांना कसं सांगू? डबे आगपेटीएवढे. इंजिन धापा टाकतं, शिट्टी देतं, पुन्हा धापा टाकतं. रस्त्यात कोणी शेतातून हात केला तर ड्रायव्हर डोळे वटारतो आणि वेग कमी करतो. साहेबांना विमानाचं दार गावात आणून ठेवायचं आहे. या गाडीचं दार पहिल्यापासून गावातच आहे.

लाडखेडला एक मुलगी गाडीत चढली. नवी साडी, हातात गाठोडं, सासरी चाललेली. तिची आई खाली खिडकीचा गज धरून उभी. गाडी सुटली. मला वाटलं, आता हात सुटणार. पण ही गाडी अशी सुटते की कोणाचा हात सोडवत नाही. आई गज धरून चालू लागली. फलाट म्हणजे नुसती सपाट जमीन, तो संपला तरी ती रुळाकडेनं चालतच होती आणि बोलतच होती.

"आंबट नको खाजो. अन् सासू बोलली तं उलटून नको बोलजो. मनात बोलजो."

"व्हय माय."

"पायाले तेल लावजो."

"व्हय ना माय! पडशीन आता!"

तेव्हा कुठं गाडीनं थोडा वेग घेतला आणि बाईनं गज सोडला. मुलगी अर्धी बाहेर वाकून पाहत राहिली. आई लहान होत गेली, मग पळसाच्या मागे गेली, तरी मुलगी पाहतच होती. मग आत वळली, पदरानं डोळे पुसले आणि मला विचारलं, "तुमी कुठी जाऊन राह्यल्या?" मी बोटानं पुढे दाखवलं. ताईच्या निळ्या बसला असा एखादा गज असता, आणि बाबांना तो धरून दहा पावलं चालता आलं असतं, तर आमच्या घरात तीन वर्षं हा प्रश्न उरला असता का? मला मेलीला साहेबांचा आणि त्यांच्या इस्त्रीचा इतका राग आला की काही विचारू नका.

दारव्ह्यात बाजाराचा दिवस होता. हॉटेलात भजी आणि चहा घेऊन मी मालकाला माझे प्रश्न विचारले. विमानानं कोण जाईल इथून? मालकानं गल्ल्यावरून मान वर केली.

"माणूस तं कोणी नाई जाणार बाई. कापसाच्या गठाणी नेते काय विमान?"

"नाही बहुतेक."

"मंग कायले पायजे?" आणि तो पुन्हा भज्यांकडे वळला.

शेजारच्या टेबलावर नेरचे एक गुरुजी बसले होते, पांढरा स्वच्छ शर्ट, शाळेच्या सामानासाठी दारव्ह्याला आलेले. ते माझं बोलणं लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "पोचवाले किती येतात म्हून विचारता ना? आमच्या मोहल्ल्याचं सांगतो. दीक्षेच्या साली आमी नागपूरले गेलतो. म्हाताऱ्या गेल्या, लेकरं गेली, आजारी माणूस बंडीत टाकून नेला. माह्या बापानं घराले कडी लावली अन् वेशीवर उभा राहून म्हणते, अरे, आपल्याले पोचवाले कोणीच मागं राह्यलं नाई!"

ते हसले, पण डोळे ओले होते. "लय मोठा दिवस होता बाई तो. सारे संगच निघालो. मागं वळून पाहाचं कोणाले? मागं काई ठेवलंच नव्हतं."

मी त्यांना विचारलं, आता कोणी दूर आहे का घरातलं. त्यांची मुलगी नर्सिंग शिकायला मुंबईला होती. तिला सोडायला नेरच्या बसस्टँडवर मात्र सारा मोहल्ला आला होता. "बस सुटली तं पोट्टी मागच्या काचेले नाक लावून बसली," गुरुजी म्हणाले. "ते नाक मले अजून दिसते." माझे भज्यांचे पैसे त्यांनीच दिले आणि मला बोलूही दिलं नाही.

फुलसावंगी

पुसदवरून पुढे रस्ता असा, की एसटीत बसलेला माणूस बसलेला राहत नाही. सागवानाच्या जंगलातून गाडी जाते, मोठी पानं वाळून तांबडी झालेली, चाकाखाली कुरकुर वाजतात. एका उतारावर गाडीनं दम सोडला. कंडक्टरनं बादली काढली, ओढ्यावरून पाणी आणलं, इंजिनाला पाजलं. तोवर सगळे उतरून सावलीत बसले आणि एका आजोबांनी सगळ्यांना ओंजळ ओंजळ भाजलेले हरभरे दिले. साहेबांच्या झाकलेल्या वाटेवर हे कुठून व्हायचं?

फुलसावंगीत मात्र माझी फजिती झाली. गाव मोठं, उतरले तेव्हा रस्त्यावर मुलांची ही गर्दी. मी दोन पावलं टाकली आणि गल्ली रिकामी! दारं लागली. एका घरातून कोणी ओरडलं, "आली वो, देवी काढणारी आली!" माझ्या खांद्यावरची पत्र्याची नळी पाहून त्यांना वाटलं, हिच्यात सुया आहेत. मी आपली रस्त्यात उभी राहून, नाही हो, मी विमानतळाची, असं ओरडते आहे. त्यानं तर आणखीच घाबरले लोक. शेवटी शाळेतल्या शांताबाई धावत आल्या आणि मला घरी घेऊन गेल्या. त्या मूळच्या वर्ध्याच्या, इथं एकट्याच राहतात. हसून हसून त्यांना ठसका लागला.

"उद्या तांड्यावर लग्नाची पाठवणी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या शाळेतली मुलगी, कमळी. चला. तुम्हांला पोचवणारी माणसं बघायचीत ना, तिथं सापडतील."

बंजाऱ्यांचा तांडा गावापासून थोडा दूर, माळावर. पूर्वी ही माणसं लमाणी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. आता शेती करतात, कुडाची कायमची घरं आहेत, पण वस्तीला अजून तांडाच म्हणतात. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा लापशीच्या कढया उतरत होत्या. बायकांच्या घागऱ्यांना लावलेल्या आरशांत ऊन असं चमकत होतं की डोळे मिटावेत. एकीनं मला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि वाढतच सुटली. आमच्याकडे 'पुरे' म्हटलं की पुरे. इथं 'पुरे' म्हणजे आणखी एक वाढा.

कमळीच्या आजीला सगळे सोमलीयाडी म्हणत होते. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. म्हातारी, हातभर चुडे, आवाज खणखणीत. मी तिच्याजवळच बसले होते. एवढ्यात गलका झाला आणि एक पांढरा बैल सजवून आणला. पाठीवर झूल, शिंगांना गोंडे. दोघातिघांनी धरून कमळीला बैलाच्या पाठीवर चढवलं. बसवलं नाही हो, उभं केलं! दोन्ही बाजूंनी भावांनी तिचे हात धरलेले, बैल अंग हलवतोय, आणि ती एवढीशी पोर आभाळाला डोकं लागावं तशी उभी. मग तिनं एक हात सोडवून वर केला आणि रडत रडत गाऊ लागली. त्या गाण्याला हवेली म्हणतात. शब्द मला कळत नव्हते. पण ती एकेका घराकडे वळत होती, एकेकाला नावानं हाक मारत होती, झाडालासुद्धा. आणि ज्याचं नाव येई तो माणूस खाली उभा राहून ढसाढसा रडे. शांताबाई रडत होत्या. मी तर रडतच होते.

मी माझ्या धंद्याच्या नादात सोमलीयाडीला म्हटलं, "हे बरं आहे याडी. उंचावर उभी केली म्हणजे सगळ्यांना नवरी शेवटची दिसते."

म्हातारीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की या बाईला शाळेत कोणी घातलं.

"आमाले कायले दिसाले पायजे? आमी तं जन्मापासून तिले पाहूनच राह्यलो. तिले दिसाले पायजे!"

"तिला?"

"मंग! आता तांडा एका जागी राह्यते. पहिले राहे काय? पोरगी सासरी जाये अन् तांडा उठून चालला जाये. माहेर कुठी सापडन तिले? घर नाई, गाव नाई, नुसती माणसंच. म्हून उंच उभी करा, सारे एका डावात पाहून घे म्हणा, डोळ्यात भरून घे. जाणाऱ्याले पाहू द्या वो बाई. राहणाऱ्याचं काय, त्याच्यापाशी तं घर राह्यते."

लापशी पानात निवली. कोणी पाणी विचारलं, मी मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर बैल नव्हताच. निळी बस होती. इतकी वर्षं मी नकाशे काढते. कुठं उभं राहिलं की काय दिसतं, हाच माझा रोजचा धंदा. पण फोर्टमधलं ते ऑफिस मी कायम आमच्या जागेवरून आठवत आले होते. बाबा इथं, मी इथं, आणि ताई दिसत नाही. ताईच्या जागेवर जाऊन, बसच्या त्या खिडकीत बसून, मी एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं.

कमळीला उतरवलं, बंडीत बसवलं. बंडी निघाली तशी सारा तांडा मागून चालू लागला. मी मात्र शांताबाईंना म्हटलं, मला आजचीच गाडी मिळाली तर बघा.

पुन्हा यवतमाळ

आर्णीवरून येताना मी खिडकीबाहेर काही पाहिलं नाही, तेव्हा वाचकांनी त्या रस्त्याचं वर्णन मागू नये. मुक्काम आर्णीला झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले तर बाबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"इतक्या लवकर? बरं नाई वाटत काय?"

"बरी आहे. बाबा, खडू आहे का?"

फिटरच्या घरी खडू नसेल असं होतं का? त्यांनी खिशातूनच काढून दिला. मी ओट्याच्या फरशीवर बसले आणि त्यांना आधी तांड्यावरचं सगळं सांगितलं, कमळीचं, बैलाचं, म्हातारीचं बोलणं. मग फरशीवर फोर्टमधलं ते ऑफिस काढलं. काचेचं दार. दाराला खेटून बस. बसच्या बाजूला छपराचा तो जाड चौकोनी खांब, दरवानानं आम्हांला ज्याच्यापाशी उभं केलं होतं.

"इथं तुम्ही होता," मी म्हटलं. "इथं मी. आणि ताई मधल्या बाकावर, खिडकीपाशी. आठवतं? तिच्या हातातली पिशवी आपल्याला खांबाच्या कडेनं दिसली होती, ती वर ठेवताना."

"आठवते."

ताईच्या जागेवरून मी एक सरळ रेघ ओढली, आमच्याकडे. रेघ खांबाला लागून थांबली. दुसरी ओढली, जरा पुढून. तीही खांबात. बस सुटून पुढे सरकली तिथून ओढली, तर मध्ये ऑफिसची भिंत.

बाबा गुडघे धरून खाली बसले, खडूनं काढलेल्या खिडकीपाशी तोंड नेलं, आणि एक डोळा मिटून, यंत्राचा पट्टा सरळ आहे का पाहतात तसे, त्या रेघेवरून आमच्या जागेकडे पाहू लागले. बराच वेळ पाहत होते. मला वाटलं, सुटले आता. तीन वर्षांचं ओझं उतरलं. ताईनं पाहिलं नसेल असं नाही, एवढं तरी कळलं. मी हसूनच म्हटलं, "म्हणजे तिनं वळून पाहिलं असेल बाबा. पाहिलंच असेल. आपल्यालाच दिसलं नाही."

बाबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पाहून माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"व्हय. पाह्यलं असन," ते म्हणाले. "अन् आपण नाई दिसलो तिले. तिले वाटलं असन, आपण निघून गेलो."

मी त्यांना रेघा दाखवत होते आणि ते थेट खिडकीत जाऊन बसले होते.

"तीन सालं मी तिच्यावर रुसून बसलो," बाबा म्हणाले. "अन् ती पोट्टी तिकडं, इतक्या लांब, असं समजून बसली असन. इचारन कशी? म्याबी कुठी इचारलं?"

त्यांचे डोळे वाहू लागले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मी त्यांचा हात धरला. हाताला खडू लागलेला होता. मग त्यांनी माझी पत्र्याची नळी जवळ ओढली, नकाशा काढला आणि सीताबर्डीच्या त्या देखण्या ऑफिसवर बोट ठेवलं.

"हा खांब काय हाय?"

"छपराचा. बसपर्यंत छप्पर आहे ना, त्याला आधार."

"काढ."

"छप्पर पडेल बाबा."

"मंग छप्परबी काढ," बाबा म्हणाले. "कोणाची पोट्टी असन ते भिजत जाईन. पण पाहून तं जाईन."